अर्धाच अविश्वास

आपल्याकडे कुणी 'अरे, विश्वास ठेव ना' म्हटलं की पलीकडून उत्तर तयार असतं: 'विश्वास पानिपतात गेला.' १७६१ मध्ये विश्वासराव परत आला नाही, आणि मराठी माणसाने त्या दुःखावर बांधलेली ही कोटी उधारी मागणाऱ्यापासून मतं मागणाऱ्यापर्यंत सगळ्यांना आजही पुरते. त्यानंतर २६ वर्षांनी, १७८७ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेची घटना लिहायला फिलाडेल्फियात जमलेल्या ५५ जणांनी जवळपास याच वाक्यावर एक देश उभा केला. राजावर विश्वास ठेवायचा नाही, लोकांवर नाही, आणि लोकांनी निवडून दिलेल्यांवर तर मुळीच नाही.

अमेरिकी लोकशाहीच्या पायाशी काय आहे असं विचारलं तर स्वातंत्र्य, समता, नैसर्गिक हक्क ही नावं येतात. ती खोटी नाहीत. पण माझ्या मते पायातला भार पेलणारा दगड अविश्वासाचा आहे, आणि तो चांगला दगड आहे. विश्वासावर चालणारं राज्य म्हणजे मालकाच्या मर्जीवर चालणारं राज्य. माझी तक्रार निराळी आहे. या मंडळींनी अविश्वास पुरता केला नाही. ज्यांच्यावर तो सगळ्यांत जास्त दाखवायला हवा होता तिथे, म्हणजे स्वतःवर, त्यांनी हात आखडला.

त्या खोलीत आधी डोकावू. २५ मे ते १७ सप्टेंबर. दारावर पहारा, खिडक्या बंद, आणि आतला शब्द बाहेर जाऊ द्यायचा नाही असा नियम. अध्यक्षस्थानी जॉर्ज वॉशिंग्टन. ८१ वर्षांचे बेंजामिन फ्रँकलिन. आणि अध्यक्षांच्या समोरच मुद्दाम जागा धरून बसलेला, अंगकाठीने लहानसा, रोज सगळ्यांची भाषणं टिपून घेणारा व्हर्जिनियाचा जेम्स मॅडिसन. त्याची टिपणं छापली गेली १८४० मध्ये, तो वारल्यानंतर चार वर्षांनी. म्हणजे 'आम्ही लोक' या शब्दांनी सुरू होणारी घटना लिहिताना आत काय बोलणं झालं, हे त्या लोकांच्या दोन पिढ्यांना नीटसं कळलंच नाही.

काय बोलणं झालं? ३१ मे रोजी मॅसॅच्युसेट्सचा एल्ब्रिज गेरी म्हणाला की आपण जी संकटं भोगतो आहोत ती लोकशाहीच्या अतिरेकातून आली आहेत. कनेक्टिकटच्या रॉजर शर्मनचं म्हणणं, लोकांचा सरकारशी थेट संबंध जितका कमी येईल तितकं बरं. घटनेच्या मसुद्यात 'लोकशाही' हा शब्द शेवटपर्यंत आलाच नाही. थेट लोकांनी निवडायचं ते फक्त एक सभागृह. दुसऱ्या सभागृहाचे, म्हणजे सिनेटचे, सदस्य राज्यांच्या विधिमंडळांनी नेमायचे (हे १९१३ पर्यंत चाललं), राष्ट्राध्यक्ष मधल्या निर्वाचकांनी निवडायचा, न्यायाधीश तहहयात. एका गेरीबद्दल एवढं सांगून टाकतो, राहवत नाही म्हणून: लोकांच्या अतिरेकाला घाबरणारा हा गृहस्थ पुढे मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झाला आणि १८१२ मध्ये त्याने आपल्या पक्षाच्या सोयीने वेड्यावाकड्या कापलेल्या मतदारसंघांच्या कायद्यावर सही केली. सॅलमँडरच्या आकाराचा एक मतदारसंघ बघून वर्तमानपत्राने त्याचं नाव त्या प्राण्याला जोडलं. 'जेरीमँडरिंग' हा शब्द आला तो इथून. अतिरेक कुणाचा, याचं उत्तर त्याच्याच नावात चिकटून राहिलं.

त्यांच्या भीतीला कारण होतं, हे मान्य केलं पाहिजे. आदल्या वर्षी मॅसॅच्युसेट्समध्ये शेतकऱ्यांनी बंड केलं होतं. यांतले अनेक जण ब्रिटिशांविरुद्ध लढून आलेले शिपाई, पगार थकलेले, वर कर नाण्यांतच भरायची सक्ती. कर्जापायी जमिनीवर जप्ती यायची, नाहीतर तुरुंग. त्यांनी न्यायालयांना वेढा घातला, कारण न्यायालय बसलं नाही तर जप्तीचा हुकूम निघणार नाही. डॅनियल शेज या माजी कॅप्टनच्या नावाने ते ओळखलं जातं. पुणे जिल्ह्यात सुप्याला १८७५ मध्ये सावकारांची कर्जखतं जाळणाऱ्या कुणब्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागला नसता. फिलाडेल्फियाला जमलेले बहुतेक जण मात्र खतांच्या दुसऱ्या बाजूचे होते.

या भीतीतून मॅडिसनने जे काढलं, ते मात्र वर्गहितापलीकडे जातं, आणि म्हणूनच मी त्याच्यापाशी थोडा थांबणार आहे. इंग्रज विचारवंत लॉकचा 'संमतीने राज्य' आणि फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूचं सत्तेचं विभाजन हे पाठ्यपुस्तकांत सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण माँतेस्क्यूचं आणखी एक मत त्या काळी प्रमाण मानलं जायचं: प्रजासत्ताक छोटंच हवं, कारण छोट्या जागी लोकांना सार्वजनिक हित दिसतं. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या टॉमस जेफरसनने पॅरिसहून पाठवलेली पुस्तकं मॅडिसनने उपसली, ग्रीकांपासून डचांपर्यंतच्या संघराज्यांचा अभ्यास केला आणि मत उलटं केलं. छोट्या जागीच बहुमताचा जुलूम सोपा असतो, असं तो म्हणाला. माणसं थोडी, एकमेकांना ओळखणारी, हितसंबंध सारखे. एकत्र येऊन एखाद्याला चिरडायला वेळ लागत नाही. देश मोठा असेल तर गट इतके होतात की कुठल्याच एका गटाला सगळ्यांवर बसता येत नाही. न्यू यॉर्कच्या वर्तमानपत्रांत अलेक्झांडर हॅमिल्टन आणि जॉन जे यांच्याबरोबर घटनेच्या बाजूने टोपणनावाने चालवलेल्या ८५ लेखांच्या मालेतल्या दहाव्या लेखात हे आहे.

गावकीने वाळीत टाकलेल्या घराला यातलं काहीच नवीन वाटणार नाही. विहीर बंद, किराणा बंद, मयताला खांदा द्यायला माणूस नाही, आणि हे सगळं एकमताने. महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, तो याच छोट्या, घट्ट, एकजिनसी बहुमतासाठी. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेब आंबेडकरांनी खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची गुहा आहे असं म्हटलं, तेव्हा सभेत अनेकांना राग आला. त्यांनी हे मॅडिसनकडून घेतलं असं मी म्हणत नाही. त्यांना त्यासाठी पुस्तक उघडायची गरज नव्हती. पण निरीक्षण एकच आहे. फरक आहे तो कुणासाठी हा. मॅडिसनला बहुमतापासून वाचवायचे होते ते धनको आणि जमीनवाले. फिलाडेल्फियात एकदा तो स्पष्टच बोलला की सिनेट असं हवं जे बहुसंख्यांपासून श्रीमंत अल्पसंख्याकांचं रक्षण करील. बाबासाहेबांच्या डोळ्यांसमोरचा अल्पसंख्याक गावकुसाबाहेर राहत होता.

आता अविश्वासाचं सर्वांत प्रसिद्ध वाक्य. त्याच मालेतल्या ५१ व्या लेखात मॅडिसन म्हणतो, माणसं देवदूत असती तर सरकारची गरजच पडली नसती, आणि माणसांवर देवदूत राज्य करत असते तर सरकारला आवर घालायची गरज पडली नसती. म्हणून एकाच्या महत्त्वाकांक्षेला दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेने अडवायचं. मराठीत सांगायचं तर काट्याने काटा. सज्जन माणूस शोधत बसू नका, दुर्जन निवडून आला तरी त्याला फार काही करता येऊ नये अशी रचना करा. राजकीय विचारात यापेक्षा शहाणं वाक्य मला फारसं आढळलेलं नाही.

आणि तीनच लेखांनंतर, ५४ व्या लेखात, गुलामांची शिरगणती कशी करायची याचं समर्थन आहे. गुलाम काही अंशी माणूस आणि काही अंशी मालमत्ता, म्हणून पाच गुलामांची तीन माणसं धरायची.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो आपल्याकडच्या लेखांतही नेहमी दिसतो. 'काळ्या माणसाला त्यांनी तीन-पंचमांश माणूस ठरवलं' असं म्हटलं जातं. ऐकायला ते भयंकर वाटतं, पण खरी गोष्ट त्याहून वाईट आहे. गुलामांचे मालक 'पूर्ण मोजा' असं म्हणत होते, आणि 'मोजूच नका' असं म्हणणारे उत्तरेकडचे होते. कारण मोजणी होती ती काँग्रेसमधल्या जागा ठरवण्यासाठी. गुलामाला मत नाहीच. पण त्याच्या डोक्यामागे मालकाच्या राज्याला जास्त प्रतिनिधी. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकांची संख्या प्रतिनिधींच्या संख्येवर ठरते, म्हणून तिथेही फायदा. मॅडिसन १९ जुलैला बोलला तेही याच संदर्भात: राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडणं योग्य, पण मग दक्षिणेला आपल्या निग्रोंच्या संख्येचा काहीच लाभ होणार नाही, आणि निर्वाचकांच्या पद्धतीत ही अडचण येत नाही. १७९० च्या पहिल्या जनगणनेत देशात सुमारे सात लाख गुलाम होते, त्यांतले जवळजवळ तीन लाख एकट्या व्हर्जिनियात. पहिल्या पाच राष्ट्राध्यक्षांपैकी चार व्हर्जिनियाचे, चौघेही गुलामांचे मालक; पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षं त्यांची.

ज्याच्या गळ्यात साखळी आहे त्याचंच वजन साखळी धरणाऱ्याच्या पारड्यात टाकायचं! कुणाच्या हाती अनिर्बंध सत्ता देऊ नये असं म्हणणाऱ्यांनी, जिथे एक माणूस दुसऱ्याला विकू शकतो अशा सर्वांत अनिर्बंध सत्तेला नुसतं सोडून दिलं नाही, बक्षीस दिलं.

'ते त्यांच्या काळाचे लोक होते' हे उत्तर मला माहीत आहे. मी ते मान्य केलं असतं, पण खोलीतली टिपणं आड येतात. २२ ऑगस्टला व्हर्जिनियाचाच जॉर्ज मेसन उठला. १७७६ मध्ये त्या राज्याचा हक्कांचा जाहीरनामा लिहिणारा, आणि स्वतःच्या मळ्यावर गुलाम राबवणारा. तो म्हणाला की गुलामांचा प्रत्येक मालक जन्मतःच एक छोटा जुलमी राजा असतो. मॅडिसनच्या देवदूतांच्या वाक्याचं हे दुसरं अर्धं वाक्य आहे, आणि ते मॅडिसननेच टिपून घेतलं आहे. कनेक्टिकटच्या ऑलिव्हर एल्सवर्थचं त्यावरचं उत्तर कोरडं होतं: माझ्याकडे कधी गुलाम नव्हता, त्यामुळे गुलामीने शीलावर काय परिणाम होतो ते मला सांगता येणार नाही. आदल्याच दिवशी साउथ कॅरोलायनाचा जॉन रटलेज बोलून गेला होता की या प्रश्नाचा धर्माशी आणि माणुसकीशी संबंध नाही, राष्ट्रांचं वागणं केवळ हितसंबंधांवर ठरतं. आणि जेफरसन? तो त्या वर्षी पॅरिसला राजदूत म्हणून होता, पण व्हर्जिनियावरच्या त्याच्या पुस्तकात त्याने लिहून ठेवलं होतं की अशा मालकीत वाढून ज्याचं शील बिघडत नाही तो माणूस म्हणजे चमत्कारच.

म्हणजे निदान खोलीतल्या काहींना कळत होतं. पेनसिल्व्हेनियाने, ज्याच्या राजधानीत हे सगळे बसले होते त्या राज्याने, १७८० मध्येच गुलामी हळूहळू संपवण्याचा कायदा केला होता. फ्रँकलिन त्या वर्षी तिथल्या गुलामीविरोधी संस्थेचा अध्यक्ष होता. 'काळ' म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं जातं, त्या काळाचा एक भाग त्याच इमारतीबाहेर वेगळं काहीतरी करत होता.

दुसरा बचाव जास्त वजनदार आहे: तडजोड केली नसती तर दक्षिणेची राज्यं निघून गेली असती, संघराज्यच झालं नसतं. कदाचित खरं असेल. पण मग ती तडजोड म्हणून तरी लिहायची होती. घटनेत 'गुलाम' हा शब्दसुद्धा नाही. 'इतर व्यक्ती', 'सेवेस बांधलेली व्यक्ती' असे आडवळणाचे शब्द आहेत. माणूस ही मालमत्ता असू शकते ही कल्पना घटनेत येऊ देणं चुकीचं होईल, असं मॅडिसनने २५ ऑगस्टला सांगितलं. कल्पना येऊ द्यायची नाही. १८०८ पर्यंत गुलाम आणण्यावर बंदी घालता येणार नाही हे कलम येऊ द्यायचं, पळालेला गुलाम मालकाला परत करायचं कलम येऊ द्यायचं. ज्याला आपण काय करतोय ते ठाऊक असतं तोच शब्द बदलतो.

अविश्वास पुरता करणारं माणूस त्या पिढीत होतं, पण त्याला खोलीत जागा नव्हती. ३१ मार्च १७७६ रोजी ॲबिगेल ॲडम्सने काँग्रेसमध्ये बसलेल्या नवऱ्याला, जॉन ॲडम्सला, पत्र लिहिलं. नवे कायदे करताय तर बायकांची आठवण ठेवा, आणि नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका. लक्षात ठेवा, जमलं तर सगळेच पुरुष जुलमी होतील. मॅडिसनच्या ५१ व्या लेखाच्या बारा वर्षं आधी त्याचं सगळं सार इथे आहे, आणि तेही घरात लागू केलेलं. जॉनचं उत्तर १४ एप्रिलचं: तुझ्या या अजब कायद्यांवर मला हसू आवरत नाही. पुढच्या तीन महिन्यांत तोच जॉन स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या पाच जणांच्या समितीत बसला. त्या जाहीरनाम्यात राजावर २७ आरोप आहेत, एकेक मोजून. स्वतःवर एकही नाही. गुलामांच्या व्यापाराचा दोष राजाच्या माथी मारणारा एक परिच्छेद जेफरसनने मूळ मसुद्यात घातला होता. काँग्रेसने तोही काढून टाकला. मूळ रहिवाशांना 'निर्दय रानटी' म्हणणारी ओळ मात्र ठेवली.

ही अर्धवट राहिलेली बाजू नंतरच्या राजकारणातही नडली. घटनाकारांनी धरून चाललं होतं की सिनेटरची महत्त्वाकांक्षा सिनेटशी बांधलेली राहील, त्यामुळे राष्ट्राध्यक्षाने पाय पसरले की सिनेट खवळेल. पक्ष या गोष्टीला घटनेत जागाच नाही. आपल्यासारखी सभ्य माणसं टोळ्या करून वागणार नाहीत, असं त्यांना मनोमन वाटत होतं. दहा वर्षांच्या आत त्यांचेच दोन पक्ष झाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरच्या दुसऱ्या महाभियोगात ५७ सिनेटरनी दोषी आणि ४३ जणांनी निर्दोष म्हटलं. लागत होते ६७. ट्रम्प समर्थकांनी हल्ला केला होता तो सिनेट भरते त्याच इमारतीवर. काट्याने काटा निघाला नाही, कारण दोन्ही काटे एकाच झाडाचे होते. आणि लहान राज्यांच्या समाधानासाठी प्रत्येक राज्याला दोन सिनेटर दिले, त्याचा परिणाम असा की २०२० च्या जनगणनेनुसार ३ कोटी ९५ लाखांच्या कॅलिफोर्नियाला दोन आणि पावणेसहा लाखांच्या वायोमिंगलाही दोनच. हे मॅडिसनला तेव्हाही पटलं नव्हतं, एवढं त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

मग अमेरिकेत लोकशाही आली कुठून? माझं उत्तर: ज्यांना खोलीबाहेर ठेवलं होतं त्यांनी ती आणली, आणि आणताना त्यांनी घटनाकारांचंच हत्यार त्यांच्यावर फिरवलं. १८४८ मध्ये सेनेका फॉल्सला जमलेल्या बायकांनी जाहीरनाम्याचीच नक्कल केली, फक्त राजाच्या जागी पुरुष घातला आणि आरोपांची यादी पुन्हा लिहिली. १८५२ मध्ये रॉचेस्टरला फ्रेडरिक डग्लसने, जो स्वतः गुलामीतून पळून आला होता, गोऱ्या श्रोत्यांना विचारलं की तुमचा ४ जुलै गुलामाच्या काय कामाचा. लिंकनने यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या भाषणात देशाच्या जन्मापासून ८७ वर्षं मोजली. १८६३ मधून ८७ वजा केले की १७७६ येतं, १७८७ नाही. त्याने मुद्दामच मागच्या, वचन देणाऱ्या कागदापासून हिशेब धरला. मग १८६५, १८६८, १८७० च्या तीन घटनादुरुस्त्या (गुलामीचा शेवट, नागरिकत्व, काळ्या पुरुषांना मत), १९२० मध्ये बायकांना मत, आणि दक्षिणेत काळ्यांना मतदानाच्या रांगेत खरोखर उभं राहता यावं यासाठी १९६५ चा कायदा. सहा लाखांहून जास्त माणसं ज्यात मेली ते यादवी युद्धही याच यादीत धरावं लागतं.

जोतीराव फुल्यांना हे नीट कळलं होतं. टॉमस पेन वाचलेला हा माणूस १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण करतो, पण ती निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्यांना. वॉशिंग्टन-जेफरसनची नावं त्या अर्पणपत्रिकेत नाहीत. ७५ वर्षांनी बाबासाहेबांनी, कोलंबियात तीन वर्षं काढून आलेल्या माणसाने, ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात प्रशासनाचे तपशील घटनेत कशाला, या टीकेला उत्तर दिलं: संवैधानिक नीती आपल्याकडे अजून रुजायची आहे, तेव्हा हे तपशील कायदेमंडळावर विश्वासून न सोडणंच शहाणपणाचं. अमेरिकी घटनेची मूळ कलमं सात, आपली ३९५. या फरकाची कारणं अनेक आहेत, पण एक कारण हा उघडपणे कबूल केलेला अविश्वास आहे. वर्षभराने, २५ नोव्हेंबर १९४९ ला, त्यांनी तो पुढे नेला: धर्मातली भक्ती आत्म्याला मुक्ती देत असेल, राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. बोलत होते ते ज्या सभेत, तिथे थोर नेत्यांची वाण नव्हती. त्याच भाषणात त्यांनी जेफरसनचं एक वचन उद्धृत केलं, की प्रत्येक पिढी हे एक वेगळं राष्ट्र समजावं आणि एका पिढीने पुढच्या पिढीला बांधून ठेवू नये. फुल्यांनी टाळलेलं नाव बाबासाहेबांनी घेतलं, पण वचन निवडलं ते असं, जे त्या नावाच्याही पुढे जाण्याची परवानगी देतं.

२०२६ च्या ४ जुलैला त्या जाहीरनाम्याला २५० वर्षं होतात. तो लिहिला गेला फिलाडेल्फियात, सातव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एका गवंड्याच्या घरात भाड्याने घेतलेल्या खोल्यांमध्ये, जेफरसनने स्वतः आखून करवून घेतलेल्या छोट्या घडीच्या मेजावर. पहिल्या मसुद्यात 'ही सत्ये पवित्र आणि निर्विवाद आहेत' असं होतं. ते खोडून 'स्वयंसिद्ध' झालं. त्या दिवसांत जेफरसनचे कपडे आणि वरकामं बघायला १४ वर्षांचा एक मुलगा बरोबर होता, रॉबर्ट हेमिंग्ज. जेफरसनच्या सासऱ्याला गुलाम बाईपासून झालेला, म्हणजे नात्याने जेफरसनचा मेव्हणा, आणि कायद्याने मालमत्ता. त्याला मुक्तीचा कागद मिळाला २४ डिसेंबर १७९४ रोजी, दुसऱ्याने आगाऊ दिलेल्या पैशांतून स्वतःची किंमत चुकती केल्यावर. तोही कागद जेफरसननेच लिहून दिला.